वयाच्या नावावर वेदना खपवू नका

प्रति,
कर्करोगावर उपचार करणारे सर्व डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

मी पॅलिएटिव्ह केअर विभागात, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या विभागात, काम करणारी परिचारिका आहे. तुम्ही गाठ काढता, किमो देता, रेडिएशनची आखणी करता. तुमच्याकडचे बरेच रुग्ण पुढे आमच्याकडे येतात, आणि त्यांतले पुष्कळजण सत्तरी-ऐंशी ओलांडलेले असतात. त्यांच्या फाइलमध्ये गाठीचं माप मिलिमीटरपर्यंत लिहिलेलं असतं. हिमोग्लोबिन असतं, स्कॅनचा अहवाल असतो, पुढच्या तपासणीची तारीख असते. किती दुखतं, कुठे दुखतं, दुखण्यामुळे रात्री जाग येते का, हे मात्र बहुतेक वेळा कुठेच सापडत नाही. त्या न लिहिलेल्या ओळीसाठी हे पत्र लिहिते आहे.

ही तक्रार माझ्या एकटीच्या अनुभवातून आलेली नाही. १९९८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयातून शुश्रूषागृहात (जिथे वृद्धांना राहायला ठेवून देखभाल करतात तिथे) गेलेल्या, ६५ आणि त्यावरच्या वयाच्या १३,६२५ कर्करुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. चार हजारांहून अधिक जणांना रोज दुखत होतं. या रोज दुखणाऱ्यांपैकी २६ टक्के लोकांना कोणतंही वेदनाशामक मिळत नव्हतं. साधं पॅरासिटामॉलसुद्धा नाही. ६५ ते ७४ या वयोगटात ३८ टक्क्यांना मॉर्फिन किंवा त्या तोडीचं औषध मिळत होतं. ८५ च्या पुढे हे प्रमाण १३ टक्क्यांवर आलं होतं. ज्यांची स्मरणशक्ती ढासळली होती, त्यांना औषध मिळण्याची शक्यता आणखी कमी. अभ्यास जुना आहे, मान्य. पण ते आकडे वाचताना मला आमच्या वॉर्डातले चेहरे आठवतात, म्हणून तो जुना वाटत नाही.

हाडात पसरलेला कर्करोग ऐंशीव्या वर्षीही हाड पोखरतोच. मज्जातंतूवर दाबणारी गाठ म्हाताऱ्या माणसाच्या मज्जातंतूवर कमी दाबत नाही. तरीही 'आता या वयात थोडंफार दुखायचंच' हे वाक्य मी घरच्यांकडून ऐकते, रुग्णांकडून ऐकते आणि, माफ करा, तुमच्याकडूनही ऐकते. वयामुळे औषधाची निवड बदलावी, डोस बदलावा, लक्ष ठेवण्याची पद्धत बदलावी, हे सगळं मला पटतं. उपचार करायचा की नाही, हे वयावरून ठरू नये.

आधी विचारण्याबद्दल बोलते, कारण सगळं तिथेच अडतं.

म्हातारी माणसं दुखणं लपवतात, आणि त्यामागे त्यांची कारणं असतात. डॉक्टरांना आधीच एवढी कामं, त्यात आपलं रडगाणं कुठे गायचं, असं त्यांना वाटतं. दुखणं वाढलं म्हणजे रोग वाढला, ही भीती असते. ते सांगितलं तर किमो बंद करतील, ही त्याहून मोठी. काहींना वाटतं की मॉर्फिन सुरू झालं म्हणजे आता दिवस मोजायचे. आणि पुष्कळांना लेकासुनेला आणखी त्रास द्यायचा नसतो. त्यात तुमच्या खोलीत आल्यावर बोलतं कोण, तर सोबत आलेलं माणूस. 'बाबांना तसा काही त्रास नाही' हे उत्तर मुलगा देतो आणि बाबा मान हलवतात. कृपा करून प्रश्न रुग्णाला विचारा, त्याच्याकडे बघून विचारा, आणि कानाचं यंत्र लावलेलं आहे ना, ते आधी बघा. उत्तर यायला थोडा वेळ लागतो. तो वेळ द्या.

'दुखतं का?' एवढ्यावर थांबलात तर 'नाही' हेच उत्तर मिळेल. रात्री कूस बदलताना जाग येते का? खोकताना छाती हाताने दाबून धरावी लागते का? बाथरूमपर्यंत जायचं टाळावंसं वाटतं का? मागच्या महिन्यात करत होता आणि आता सोडून दिलं, असं काही आहे का? शून्य ते दहाची पट्टी सगळ्यांना जमत नाही. 'नाही, थोडं, बरंच, असह्य' असे शब्द दिले तर बऱ्याच वृद्धांना ते सोपं जातं. शिवाय खुर्चीत शांत बसलेल्या माणसाला विचारून हाडाचं दुखणं कळत नाही. त्यांना उठायला सांगा, चार पावलं चालायला सांगा आणि तेव्हा चेहऱ्याकडे बघा.

आमच्याकडे आलेले एक आजोबा प्रत्येक प्रश्नाला 'ठीक आहे' म्हणत होते. आधीच्या भेटींतही हेच उत्तर दिलं असणार, कारण कागदावर दुखण्याचा उल्लेखच नव्हता. मी झोपेबद्दल विचारलं तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, 'हे पलंगावर झोपतच नाहीत. रात्रभर खुर्चीत बसून असतात.' आडवं झालं की पाठीत कळ यायची, म्हणून त्यांनी आडवं होणंच सोडलं होतं. आडवं झाल्यावर वाढणारं पाठीचं दुखणं कर्करुग्णात किती गंभीर असू शकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. एमआरआयमध्ये मणक्यातली गाठ मज्जारज्जूच्या अगदी जवळ पोहोचलेली दिसली. पायांतली ताकद शाबूत असताना ती सापडली, स्टेरॉइड आणि रेडिएशन वेळेवर मिळालं, आणि ते चालत राहिले. दुखण्याबद्दल विचारणं हे निदानाचंही काम आहे, एवढ्यासाठी हा प्रसंग सांगितला.

ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, त्यांचं काय? शब्द गेले म्हणून वेदना जात नाही. प्रगत स्मृतिभ्रंशासाठी 'पेनॅड' नावाची मोजपट्टी २००३ पासून उपलब्ध आहे. श्वास कसा चालला आहे, तोंडातून कण्हणं किंवा ओरडणं येतं का, चेहरा कसा आहे, शरीर ताठ किंवा अस्वस्थ आहे का, आणि जवळ घेतलं, बोललं की शांत होतात का, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. पाच मिनिटं बघत बसलं की पुरतं. या जोडीला रोज सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, कारण 'हिचं काहीतरी बिनसलंय' हे सगळ्यात आधी त्याला कळतं. अंघोळ घालताना हात झटकणारी, रात्री ओरडणारी आजी 'त्रासदायक' ठरते आणि तिला झोपेचं औषध मिळतं. नॉर्वेतल्या शुश्रूषागृहांत स्मृतिभ्रंश असलेल्या ३५२ जणांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या गटाला टप्प्याटप्प्याने वेदनाशामकं दिली गेली. आठ आठवड्यांत त्या गटातली अस्वस्थता दुसऱ्या गटाच्या तुलनेत १७ टक्क्यांनी कमी झाली. ते सगळे कर्करुग्ण नव्हते. पण कर्करोग असलेली आजी ओरडत असेल, तर झोपेच्या औषधाआधी वेदनेचा विचार व्हायला हवा, हे यातून नक्की कळतं.

आता मॉर्फिन.

'या वयात मॉर्फिन? श्वास मंदावेल, भ्रम होईल, पडतील.' ही भीती निराधार आहे, असं मी म्हणणार नाही. वृद्धांच्या शरीरात औषध जास्त वेळ टिकतं. मॉर्फिनपासून तयार होणारे घटक मूत्रपिंडातून बाहेर पडतात. मूत्रपिंड मंदावलं असेल तर ते साठतात आणि मग गुंगी, भास, हातापायांचे झटके सुरू होतात. इथे एक सापळा आहे. ८५ वर्षांच्या, ४० किलो वजनाच्या बाईंचं क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा घटक) १ आलं तर अहवालावर ते 'सामान्य' दिसतं. वय आणि वजन धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशोब केला तर त्यांच्या मूत्रपिंडाचं काम मिनिटाला जेमतेम २६ मिलिलिटर निघतं. स्नायूच उरलेले नसतील तर क्रिएटिनिन वाढणार कुठून? हा हिशोब करून मगच औषध निवडलं तर निम्मे घोटाळे टळतात. अशा रुग्णात मॉर्फिनचा डोस आणखी कमी करून दोन डोसांतलं अंतर वाढवता येतं, किंवा फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन यांसारख्या औषधांकडे वळता येतं.

पण भीतीपोटी औषध न देणं हा काही सुरक्षित पर्याय नाही, कारण मग त्याच्या जागी दुसरं काहीतरी दिलं जातं. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असलेले रुग्ण आमच्याकडे येतात. 'मॉर्फिन नको म्हणून साधी गोळी दिली' असं त्यांच्या घरचे सांगतात. पोटातला रक्तस्राव, मूत्रपिंडाला इजा, हृदय कमजोर असेल तर पायावर सूज आणि धाप, हे सगळं त्या 'साध्या' गोळीने पंचाहत्तरीच्या पुढे सहज होतं. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाचंही तसंच. ते सौम्य समजलं जातं, पण वृद्धांमध्ये त्याने भ्रम होऊ शकतो, सोडियम उतरू शकतं, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत ते धोक्याचं ठरतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मध्यम वेदना असलेल्या २४० कर्करुग्णांपैकी काहींना सौम्य ओपिऑइड (मॉर्फिनच्या कुळातलं औषध) आणि काहींना कमी डोसचं मॉर्फिन दिलं गेलं. २८ दिवसांत मॉर्फिनच्या गटातल्या ८८ टक्के लोकांना ठरवलेला आराम मिळाला. दुसऱ्या गटात ५८ टक्क्यांना. दुष्परिणाम दोन्हीकडे सारखेच होते. छोट्या डोसाने सुरू केलेलं मॉर्फिन हे काही शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवायचं औषध नाही.

'कमी डोसने सुरू करा, हळूहळू वाढवा' हे तुम्हाला पहिल्यापासून शिकवलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. नाजूक प्रकृतीच्या रुग्णात तोंडाने अडीच मिलिग्रॅमपासून सुरुवात आम्हीही करतो. माझी खरी तक्रार पुढे आहे. पहिला अर्धा भाग पाळला जातो, दुसरा राहून जातो. अडीच मिलिग्रॅम लिहून दिले जातात, पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची असते, आणि मधल्या काळात डोस पुरतो आहे का, हे कोणीच विचारत नाही. रुग्ण ठरवतो की या औषधाचा काही उपयोग नाही. घरचे ठरवतात की मॉर्फिननेही थांबत नाही म्हणजे आता काही उरलं नाही. आणि तुमच्या कागदावर 'मॉर्फिन सुरू केलं' अशी नोंद असते, त्यामुळे वेदनेचा प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटतं. सावध सुरुवातीला अर्थ येतो तो दोन-तीन दिवसांनी कोणीतरी परत बघितलं तरच.

याच दोन-तीन दिवसांत औषध बंद पडण्याचीही भीती असते. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, पण हे आधी सांगितलेलं नसेल तर घरचे घाबरून गोळ्या थांबवतात. कित्येक रात्री न झोपलेलं माणूस पहिल्यांदा दुखणं थांबल्यावर गाढ झोपतं. त्यालाही लोक गुंगी समजतात. खरी गुंगी कशी ओळखायची, हाक मारल्यावर उठून बोलतात का हे कसं बघायचं, ते घरच्यांना दाखवून ठेवावं लागतं. श्वास मंदावण्याआधी सुस्ती वाढत जाते, त्यामुळे लक्ष तिच्यावर हवं. बद्धकोष्ठाची मात्र शरीराला कधीच सवय होत नाही. रेचक पहिल्या चिठ्ठीतच लिहिलेलं असावं, 'गरज वाटल्यास' असं न लिहिता रोज घ्यायचं म्हणून. पोट साफ होत नाही म्हणून गुपचूप मॉर्फिन सोडलेल्या आजी मी पुष्कळ बघितल्या आहेत. दुखणं परवडलं पण हे नको, असं त्या म्हणतात, आणि डॉक्टरांना हे सांगायला त्यांना लाज वाटते. तुम्ही विचाराल तर सांगतील.

भ्रम झाला की पहिला आरोप मॉर्फिनवर येतो. कधी तो खराही असतो. पण तुंबलेली लघवी, अडकलेला शौच, जंतुसंसर्ग, वाढलेलं कॅल्शियम, उतरलेलं सोडियम, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी, हे बघण्याआधी मॉर्फिन एकदम तोडू नका. वेदना स्वतःही वृद्ध माणसाला भ्रमात ढकलते, आणि रोज घेत असलेलं औषध अचानक थांबलं की वेगळाच त्रास सुरू होतो.

बाकीच्या औषधांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यात तुम्ही जाणते आहात. किमोनंतर तळपायांची आग होते, मुंग्या येतात, तेव्हा प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन ही नसांच्या दुखण्यावरची औषधं देताना डोस मूत्रपिंडाप्रमाणे ठरावा, नाहीतर चक्कर येऊन पडणं ठरलेलं. त्याच दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या अ‍ॅमिट्रिप्टिलीनने वृद्धांची लघवी अडते आणि डोकं गोंधळतं. पॅरासिटामॉलची दिवसाची चार ग्रॅमची कमाल मर्यादा धडधाकट माणसासाठी आहे, वजन घटलेल्या, नीट न जेवणाऱ्या आजोबांसाठी नाही. फेंटानिलचा पॅच कधीही ओपिऑइड न घेतलेल्या माणसाला पहिलं औषध म्हणून लावू नये, आणि ताप आला किंवा पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर औषध जास्त वेगाने अंगात जातं, हे घरच्यांना सांगितलंच पाहिजे.

हाडातल्या दुखण्यासाठी एक विनंती खास रेडिएशनवाल्या डॉक्टरांना. गुंतागुंत नसलेल्या हाडाच्या वेदनेसाठी ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकच डोस अनेक दिवस विभागून दिलेल्या डोसांइतकाच आराम देतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. पुढे पुन्हा द्यावं लागण्याची शक्यता थोडी जास्त असते, एवढंच. स्ट्रेचरवरून आणाव्या लागणाऱ्या माणसाला रोज टेबलावर चढवणं हीसुद्धा वेदनाच आहे. आणि तेवढंही करायचं तर निघण्याआधी मॉर्फिनचा जादा डोस द्यायला सांगा. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटातल्या नसांचा ब्लॉक (इंजेक्शनने त्या नसा बधिर करणं) लवकर विचारात घेतला तर गोळ्यांचं ओझं कमी होतं. आमच्याकडे असे रुग्ण फार उशिरा येतात.

सिसिली सॉंडर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. कळ उठण्याची वाट न बघता ठरावीक वेळाने मॉर्फिन द्यावं, हा त्यांचा आग्रह होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी जी मार्गदर्शक पद्धत दिली, तिच्यातही घड्याळाप्रमाणे औषध देण्याचं तत्त्व आहे. सॉंडर्स यांनी आणखी एक गोष्ट ओळखली, ती मला वृद्धांच्या बाबतीत रोज जाणवते. शरीराच्या वेदनेत भीती, एकटेपण, पैशांची काळजी आणि 'मी ओझं झालो' ही बोच मिसळलेली असते. रात्री दोन वाजता दुखणं वाढतं त्याचं एक कारण असं की तेव्हा बोलायला कोणी नसतं. यावर गोळी नाही हे खरं, पण गोळीचा डोस दुप्पट करण्याआधी कोणी बसून बोललं तर कधी डोस वाढवावा लागत नाही. उलटही होतं: चांगलं बोलणं ऐकून घेतलं, पण औषध वाढवलंच नाही. दोन्ही लागतं.

आमच्याकडे लवकर पाठवा. आमच्याकडे पाठवणं म्हणजे हात टेकणं नव्हे. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, निदानानंतर लवकरच पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्या लोकांचे दिवस जास्त बरे गेले आणि त्यांचं आयुष्यही जास्त भरलं: मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने, दुसऱ्या गटाचा ८.९. किमो चालू असताना आम्ही सोबत असू शकतो. रोग बरा झालेल्यांचंही दुखणं उरतं. २०१६ च्या एका आढाव्यात उपचार पूर्ण झालेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वेदना होती. तपासणीत 'रोग नाही' असं लिहिताना खांद्याची किंवा छातीच्या व्रणाची आग राहिली आहे का, तेही विचारा.

तुमची ओपीडी किती भरलेली असते, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून मागते आहे ते थोडकं आहे. प्रत्येक भेटीत रक्तदाबाच्या शेजारी वेदनेची एक नोंद असावी: बसल्यावर किती, हलल्यावर किती, काल रात्री झोप लागली का. ती नोंद परिचारिकेने केली तरी चालेल, फक्त तुम्ही ती वाचा. मॉर्फिन दिलंत तर रेचक, उफाळणाऱ्या कळेसाठीचा वेगळा डोस आणि औषध कुलपात ठेवण्याची सूचना मोठ्या अक्षरात लिहून द्या; पातळ औषध असेल तर किती मिलिलिटर ते सिरिंजवर खूण करून दाखवायला सांगा, कारण थरथरत्या हातांना आणि मंदावलेल्या डोळ्यांना बारीक आकडे दिसत नाहीत. आणि तिसऱ्या दिवशी फोन कोण करणार, त्याचं नाव त्याच कागदावर असू द्या. तुमच्याकडे त्यासाठी माणूस नसेल तर आमच्या विभागाचं नाव लिहा. फोन आम्ही करू, डोस वाढवायचा असेल तर तुम्हाला विचारू. तुम्ही फक्त आमचा फोन उचला.

आपली,
पॅलिएटिव्ह केअर विभागातली एक परिचारिका